शेवटच्या पानावरचा वायसर

श्रीधर मास्तर गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता मी रोजच्यासारखा भिंगारला त्यांच्या घरी, पुढच्या पडवीत बसलो होतो. ते मला त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचून दाखवत होते. पुस्तक अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावरचं. सहा वर्षं चाललेलं. त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला होता, एका वाक्यात दोनदा दम घेत होते, आणि कागद धरलेला हात मांडीवर टेकवून ठेवला होता. वाचून झालं. चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "समजलं?" मी म्हणलं, "समजलं." त्यांनी परत विचारलं, "वायसर नाही?" म्हणलं, "न्हाई." मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि म्हणाले, "मग झालं, रावसाहेब." मी उठलो, चपला घातल्या आणि घरी आलो. दोन दिवसांआड येणारं पाणी त्या दिवशी साडेपाचला येणार होतं, आणि घरात पाणी भरायला माझ्याशिवाय कुणी नाही.

मला ते पान समजलं नव्हतं. ही गोष्ट मी सव्वा महिना कुणाला सांगितली नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी, ते मास्तरांचेच विद्यार्थी, मला सांगितलं की तुम्ही शेवटपर्यंत सरांजवळ होता, तुम्ही लिहा. मी सातवी शिकलेला माणूस. तीस-बत्तीस वर्षं लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो. लिहायची सवय नाही, पण खोटं लिहिता येत नाही म्हणून आधी हेच लिहून टाकलं. आता बाकीचं सांगतो.

मास्तर नगरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. आमची ओळख झाली ती त्यांच्या स्कूटरमुळं. मी रिटायर झाल्यावर घरापुढं लोकांच्या गाड्या बघायचो. बाकीची माणसं गाडी लावून चहाला जातात. मास्तर उन्हात उभे. कार्बोरेटर खोलला तर विचारायचे, हे काय, हे कशाला, हे काढून टाकलं तर काय होईल. मी म्हणलं, "मास्तर, शिकायची हाय का गाडी?" ते म्हणाले, "नाही हो. चालतं कसं ते बघायचंय." त्यांचा स्वभाव एवढ्या एका वाक्यात आला. त्यांना चालवायची हौस कशाचीच नव्हती, चालतं कसं ते बघायचं असायचं.

माझी बायको यमुना गेली त्यानंतर महिन्याभरानं ते माझ्याकडं आले. म्हणाले, पुस्तक लिहायला घेतलंय, ऐकायला माणूस पाहिजे. मी म्हणलं, "मला अमेरिकेतलं काय कळतंय?" म्हणाले, "म्हणूनच." मला वाटलं माणूस दया करतोय, एकट्याला घराबाहेर काढायला आलाय. मी तोंडावर विचारलं. मास्तर चिडले. ते फार कमी चिडायचे. म्हणाले, "दया करायला मला वेळ नाही, रावसाहेब. इतकी वर्षं मी वर्गात विचारलं, समजलं का, आणि इतकी वर्षं सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, समजलं सर. पेपर तपासताना कळायचं काय समजलं ते. मला एक माणूस असा पाहिजे जो न समजता समजलं म्हणणार नाही. तुम्ही त्या दिवशी गाडी घेऊन आलेल्या त्या मेजरला तोंडावर सांगितलंत की तुमच्या गाडीचा बिघाड मला अजून कळला नाही. तेव्हाच ठरवलं." अट ही एवढीच. मी कबूल केली.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या ओळीला अडलो. काही तरी सार्वभौमत्व आणि राष्ट्रहित असं होतं. मधेच थांबवायचं कसं, मास्तर माणूस, वाचायच्या नादात. खिशात हात घातला तर एक वायसर होता, नटाखाली घालायची ती लोखंडी चकती. मी तो उठून त्या ओळीवर ठेवला. मास्तर वाचायचे थांबले आणि त्याच्या भोवती पेन्सिलीनं गोल काढला. दुसऱ्या दिवशी तो अख्खा परिच्छेद नवा लिहून आणला. समजला. मग त्यांनी तो वायसर चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकला, टण्ण करून. तेव्हापासून तीच रीत पडली. अडलं की वायसर. सुटलं की डब्यात. सुमनवहिनी आत स्वयंपाकघरात तो आवाज ऐकायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या. एखादं पान आठ-आठ दिवस अडायचं, तेव्हा त्या आतून विचारायच्या, "आज अमेरिका चहा देणार का नाही?"

आता त्या पुस्तकात काय होतं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण मास्तरांनी ते तसंच सांगायला लावलं असतं. मला वाटायचं अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे जगाचा मालक. सकाळी उठला, वाटलं, आणि फौज पाठवली. मास्तर म्हणाले, त्या लोकांनी देश उभा केला तेव्हा त्यांना भीती याच माणसाची होती. म्हणून कुलपं लावून ठेवली. अध्यक्षानं दुसऱ्या देशाशी तह केला तरी सिनेट नावाच्या सभागृहात दोन तृतीयांश मतं पडल्याशिवाय तो पक्का होत नाही. मी म्हणलं, "एवढा मोठा माणूस, आन् त्याची एकट्याची सही चालत न्हाई?" मग मलाच आठवलं. आमच्या वर्कशॉपातून साधं इंजिन गेटबाहेर काढायचं तर पासवर दोन सह्या लागायच्या. एक सही असली तर गेटवरचा जवान कर्नललाही हलू द्यायचा नाही. मास्तरांनी ते लगेच लिहून घेतलं. फौजेचा सरसेनापती अध्यक्ष, पण युद्ध जाहीर करायचा हक्क त्यांच्या संसदेचा, आणि खर्चाची मंजुरीही तिचीच. मी म्हणलं, "म्हंजे बंदूक एकाकडं आन् गोळ्या दुसऱ्याकडं." मास्तर हसले. ते वाक्य पुस्तकात आहे.

पण मग मी विचारलं, "जाहीर न करता लई युद्धं केली की वो त्यांनी. तवा कुलूप कुठं गेल्तं?" आणि वायसर ठेवला. तो नऊ दिवस राहिला. दहाव्या दिवशी मास्तर म्हणाले, "खरं आहे. कुलूप आहे, पण वापरलं नाही तर ढिलं होतं. अध्यक्षांनी ओढलं आणि सभागृहानं ओढू दिलं. जबाबदारी नको असली की माणूस हक्कही सोडून देतो. मला त्याचंच दुःख आहे." मी वायसर डब्यात टाकला. माझ्या डोक्यात तेव्हा आमच्या गावाकडची, देवळाली प्रवऱ्याची, भावकी होती. तिथंही असंच चालतं.

मास्तर स्वतःला पुराणमतवादी म्हणवून घ्यायचे. कॉलेजात त्यावरून त्यांची टिंगल व्हायची, पोरं पाठीमागं 'अमेरिकन सर' म्हणायची. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? ते म्हणाले, "तुम्ही जे करता तेच. चालू इंजिनातला कुठला भाग कशासाठी आहे ते कळेपर्यंत तो काढून फेकायचा नाही." त्यांचं म्हणणं असं होतं की देशानं आधी स्वतःचं हित नीट ओळखावं आणि ते उघडपणे सांगावं. ताकद राखावी, कारण ताकदवान माणसाच्या अंगावर कुणी सहजी जात नाही. कँटोन्मेंटच्या गेटवर जवान उभा असतो तो रोज गोळी झाडायला नाही, झाडायची वेळ येऊ नये म्हणून. आपल्या लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी आपले निर्णय घ्यावेत, लांब कुठल्या तरी जागतिक संस्थेत बसलेल्या, कुणालाही जाब न देणाऱ्या माणसांनी नाही. दुसऱ्याचं घर सुधारायला निघू नये, कारण त्या घराच्या भिंती कशावर उभ्या आहेत ते आपल्याला माहीत नसतं. आणि मित्राला दिलेला शब्द पाळावा, कारण एकदा शब्द गेला की ताकदही अर्धी होते.

मी सगळं गुमान ऐकलं असं नाही. मी म्हणलं, "दुसऱ्याच्या घरात जायचं न्हाई म्हणता, मग जगभर ह्यांचे तळ कशाला?" आणि म्हणलं, "जगाची संस्था न्हाई पायजे, मग दोन गावांच्या बांधाचं भांडण सोडवायचं कुणी? ज्याच्याकडं काठी मोठी त्यानं?" मास्तरांना असं विचारलेलं आवडायचं. ते म्हणायचे, पुराणमतवाद्यांच्या गोटातही यावर एकमत नाही. कुणी म्हणतं बाहेर जाऊन स्वातंत्र्य पोचवा, कुणी म्हणतं घर सांभाळा, दार लावा. "आणि तुमी?" म्हणलं. "मी उंबऱ्यावर," मास्तर म्हणाले. आतून वहिनी म्हणाल्या, "उंबऱ्यावरून उठा आणि दळण घेऊन या. गिरणी बंद होईल."

एकदा मी वैतागून म्हणलं, "मास्तर, तुमी त्या देशात पाय तरी ठेवलाय का?" नव्हता ठेवला. पुण्याच्या पलीकडं त्यांचं फारसं जाणंच नव्हतं. ते म्हणाले, "तुम्ही ट्रक बनतो तो कारखाना पाहिलाय?" म्हणलं, "न्हाई." "मग कशाला हात घालत होतात इंजिनात?"

मागच्या हिवाळ्यात त्यांनी शेवटचं प्रकरण घेतलं. विषय शब्दाचा. देशाचं हित एकीकडं आणि मित्राला दिलेला शब्द दुसरीकडं, असं झालं तर काय करायचं. हे प्रकरण सहा-सात वेळा लिहिलं आणि प्रत्येक वेळी मी वायसर ठेवला. शेवटी म्हणाले, खर्ड्याला जाऊ. मास्तरांच्या पुतण्याची जीप होती, आम्ही तिघं गेलो, वहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. किल्ल्याच्या तटावर वारा लई होता. मास्तर म्हणाले, "मराठ्यांनी निजामाला इथं कोंडला. निजामाला वाटत होतं इंग्रज येतील मदतीला, त्यांच्याशी मैत्रीचा करार होता. इंग्रज आले नाहीत. म्हणाले, आमचा करार तुमच्याशीही आहे आणि मराठ्यांशीही, एकाच्या बाजूनं दुसऱ्यावर येण्याचं बंधन आमच्यावर नाही."

"बरं झालं की मग," मी म्हणलं. "आले असते तर आपलं काय खरं हुतं?"

"आपल्याला बरं झालं. पण तुम्ही निजामाच्या जागी बसून बघा."

"मी कशाला बसू त्याच्या जागी?"

"पाच मिनिटं बसा, रावसाहेब. दशमी खाईपर्यंत."

बसलो. दशमी खाल्ली. खाली माळ, तुरीची शेतं, आणि त्या बाजूनं कुणीच येत नाही असं डोळ्यांपुढं आणलं. मग म्हणलं, "मास्तर, इंग्रजांनी कागद बघितला. निजाम रस्ता बघत हुता." मास्तरांनी खिशातून चिठोरी काढली, पण लिहिलं नाही. तशीच परत खिशात ठेवली. वहिनी म्हणाल्या, "आता दोघं मिळून निजामाला चहा पाठवा." परतीच्या वाटेवर मास्तर खुशीत होते. म्हणाले, प्रकरण सापडलं.

नंतरच्या लिखाणात त्यांनी एक उदाहरण घातलं. मोठा देश लांबच्या देशात फौज नेतो. तिथली काही माणसं त्या फौजेचे दुभाषे होतात, वाट दाखवतात. फौज त्यांना सांगते, तुम्हाला सोडून जाणार नाही. मग वर्षं जातात, घरचे लोक म्हणतात परत या, आणि ते म्हणणंही बरोबरच असतं. फौज निघते. तो दुभाषा विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभा असतो, हातात कागद घेऊन. मास्तर म्हणायचे, माझी सगळी तत्त्वं त्या कुंपणाशी येऊन एकमेकांत भांडतात. स्वतःचं हित बघ म्हणणारंही माझंच, आणि शब्द पाळ म्हणणारंही माझंच.

आणि शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं की अशा वेळी शहाणं राष्ट्र शब्द पाळतं, पण तो पाळताना राष्ट्राचाच जीव धोक्यात येत असेल तर नाही. आणि धोका खरा आहे की नुसती गैरसोय आहे, हे विवेकानं ठरवावं. असं वाचलं आणि थांबले.

माझ्या मनात प्रश्न तयार होता. विवेक कुणाचा? आधीच्या सगळ्या पुस्तकात मास्तरांनी दाखवलं होतं की मोठ्या माणसाच्या शहाणपणावर सोडायचं नाही, कुलपं लावायची, दोन सह्या घ्यायच्या. आणि शेवटच्या ओळीत सगळं परत एका माणसाच्या शहाणपणावर सोडलं. तह मोडायला सही कुणाची लागते? दुभाष्याला दिलेला तोंडी शब्द मोडायला कुणाचीच लागत नाही का? आणि कुंपणाबाहेरच्या माणसाला 'हा विवेक आहे' असं जाऊन सांगायचं कुणी? वायसर माझ्या खिशात होता. मी तो बोटांनी फिरवत होतो. दारात वहिनी आल्या होत्या, त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, पुरे आता. मास्तरांच्या ओठांचा रंग मला बरा दिसत नव्हता. आणि त्यांचा चेहरा… वर्षातून एकदा पोरगं सुट्टीवर येतं तेव्हा बापाचा होतो, तसा झाला होता. हे सगळं खरं. पण पाण्याची वेळ झाली होती हेही तेवढंच खरं. वायसर ठेवला असता तर तासभर गेला असता. मी समजलं म्हणलं. त्यांच्या अख्ख्या वर्गासारखा.

नंतर मी यावर खूप विचार केला. मास्तरांनी सहा वर्षांत माझ्याकडून एकच मागितलं होतं. मी ते पाळलं, शेवटचं एक पान सोडून. आणि का सोडलं, तर मला गैरसोय होती. वर मी स्वतःला सांगत होतो की त्यांच्या तब्येतीसाठी सोडलं. म्हणजे मास्तर ज्या प्रश्नाशी अडले होते त्याचंच उत्तर मी त्यांच्यासमोर बसून दिलं, आणि त्यांना कळलं नाही. का कळलं होतं? "वायसर नाही?" असं त्यांनी दुसऱ्यांदा का विचारलं? याआधी कधी दोनदा विचारलं नव्हतं. हे मला आता कुणी सांगणार नाही.

दोन आठवड्यांपूर्वी वहिनींनी मला बोलावलं. संपादक आले होते, पुस्तक छापायचं म्हणत होते. म्हणाले, सरांनी पूर्ण केलंय, शेवटच्या पानावर पेन्सिलीची खूणही नाही, नुसता एक वायसर चुकून राहिलाय. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणलं, "पूर्ण न्हाई. एक पान अडलंय." आणि का अडलंय ते दोघांना सांगितलं. संपादक म्हणाले, मी थोडं नीट करून देतो शेवटी. मी म्हणलं, हात लावायचा नाही. मास्तरांचं वाक्य आहे तसं छापा आणि त्याखाली माझा प्रश्न माझ्या नावानं छापा, की रावसाहेबाला हे समजलं नाही. वहिनी म्हणाल्या, "त्यांना आवडलं असतं का राग आला असता, रावसाहेबभाऊ?" म्हणलं, "दोन्ही, वहिनी." त्या पहिल्यांदाच जरा हसल्या. म्हणाल्या, छापा.

पण वायसरचं वहिनींना त्याच्या आधीपासून माहीत होतं, आणि ते सांगून थांबतो. पाणी आलं त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. सकाळी उठलो, दाढी केली, प्रश्न मनात दोन-तीनदा म्हणून बघितला, सोपा करून घेतला. एरवी मी चारला जायचो, त्या दिवशी सातलाच निघालो. वायसर खिशात घेतला, मुद्दाम मोठा, ट्रकच्या चाकाचा. वाटेत ठरवलं की सरळ म्हणायचं, मास्तर, काल मी खोटं बोललो, शिव्या द्या आणि मग हे सांगा. गल्लीच्या तोंडाशी आलो तर त्यांच्या दारापुढं चपला होत्या. बऱ्याच. पुतण्या फोनवर बोलत उभा होता, त्यानं मला बघितलं आणि फोन खाली केला. पहाटे गेले म्हणाला. मी आत गेलो, त्यांना बघितलं, पायाला हात लावला. मग पडवीत आलो. टेबलावर गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला. रात्री त्यांनीच बांधला होता. मी गाठ सोडली, शेवटचं पान काढलं, 'विवेकानं ठरवावं' या ओळीवर वायसर ठेवला, वर बाकीचा गठ्ठा ठेवला आणि परत बांधला. खाली वायसर आल्यामुळं गठ्ठा टेबलावर सरळ बसेना, डुगडुगायला लागला. वहिनी दारात उभ्या होत्या. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. म्हणलं, "एक राहिलं होतं." त्यांनी डब्याकडं बघितलं, मग गठ्ठ्याकडं, आणि आत गेल्या. मी खुर्ची नेहमीच्या जागी ओढून बसलो, बाकीची माणसं जमेपर्यंत.